मागणीपत्रकाचा मधला रकाना

अंदाजपत्रकासाठी आलेलं खात्याचं मागणीपत्रक वाचताना शेवटच्या रकान्यापासून सुरुवात करू नये. तिथली रक्कम कापली जाणार हे धरूनच लिहिलेली असते. लिहिणाऱ्याला ते ठाऊक, कापणाऱ्यालाही. पाहायचा तो मधला रकाना: चालू वर्षाची तरतूद किती आणि डिसेंबरअखेर खर्च किती पडला.

जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेची धांदल ओसरते, त्या सुमारास सोलापूर महापालिकेत या कागदांना वेग येतो. लेखा विभागाचे प्रश्न ठरलेले. खर्च का पडला नाही? निविदा लांबली. मग यंदा वेळेत निघेल कशावरून? इथे बहुधा फाईल चाळली जाते. त्यानंतर दायित्वाचा हिशेब. कार्यादेश देऊन झालेले असतात, मक्तेदारांची देयकं अडकलेली असतात. पुढच्या वर्षाच्या पैशावर पहिला हक्क त्यांचा. ‘नवीन कामे’ या शीर्षाखाली जुनीच कामं किती दडली आहेत, ते उकरून काढण्यात छाननीचं निम्मं कसब खर्ची पडतं.

पगार आणि निवृत्तिवेतन यांवर चर्चा होत नाही. पाण्याच्या विजेवर करून उपयोग नसतो. सोलापूरचं पाणी येतं सुमारे 110 किलोमीटरवरच्या उजनीतून, जलवाहिनीने. शिवाय धरणातून भीमेत सोडलेलं पाणी औज-चिंचपूर बंधाऱ्यांत अडवून टाकळीहून उपसायचं. दोन्हीकडे पंप. उजनीच्या जलवाहिनीला समांतर टाकलेल्या दुसऱ्या वाहिनीची क्षमता रोज 170 दशलक्ष लिटर. ती टाकायला बाहेरून निधी मिळाला, पण चालवण्याचं वीजबिल पालिकेच्याच महसुलातून जायचं. मोठ्या योजनेच्या उद्घाटनात या बिलाचा आकडा कुणी वाचून दाखवत नाही.

जमेची बाजूही आता निराळी. जकात होती तेव्हा नाक्यावरची आवक बाजारपेठेबरोबर वरखाली व्हायची. पुढे स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी आला, ऑगस्ट 2015 मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांसाठी तो संपला, आणि 2017 च्या कायद्याने जीएसटीची भरपाई सुरू झाली, दरवर्षी 8 टक्के वाढ धरून. ही रक्कम बिनघोर लिहिता येते. पालिकेच्या स्वतःच्या हातात उरतो मुख्यतः मालमत्ता कर. खर्चाच्या मागण्या मान्य करायच्या असल्या की करवसुलीचा अंदाज हळूच वाढवला जातो. माझ्या मते खात्यांच्या फुगवलेल्या मागण्यांपेक्षा हे जास्त धोक्याचं, कारण ते तपासायला समोर कुणी बसलेलं नसतं.

महिला व बालकल्याणासाठी 5 टक्के, दिव्यांगांसाठी 5 टक्के, तिथेही कात्री चालत नाही. म्हणजे कापणी होते उरलेल्यावर. रस्ते आणि ड्रेनेजवाले भांडून काही मिळवतात; 1992 साली शहर सुमारे 33 चौरस किलोमीटरवरून 178 वर गेलं, आणि आजही ‘हद्दवाढ भाग’ म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या वस्त्यांची मागणी त्यांच्या पाठीशी असते. उद्यानं, वाचनालयं यांच्यामागे असं कुणी नाही.

कायद्याने आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे मांडतात, मग ते सर्वसाधारण सभेत जातं. 102 नगरसेवक, प्रत्येकाच्या प्रभागातली गटार आणि समाजमंदिर, उपसूचनांचा पाऊस. मार्च 2022 मध्ये त्यांची मुदत संपली. त्यानंतर प्रशासकांच्या काळात मांडणारे आणि मंजूर करणारे एकच. आकड्यांना शिस्त आली असेल, पण ‘आमच्या गल्लीचं काय’ असं विचारणारा आवाज खोलीत राहिला नाही. मला तो गोंगाट बरा वाटतो.

मुरलेला खातेप्रमुख रकमेसाठी फार ताणत नाही. मागितलेले लाख हजारांवर आले तरी तो मान डोलावतो आणि म्हणतो, “चालेल साहेब, लेखाशीर्ष तेवढं काढू नका.” शीर्ष उघडं राहिलं की वर्षाच्या मध्यात दुसऱ्या खात्याचा अखर्चित पैसा तिथे वळवता येतो. शीर्षच गेलं तर पुढच्या मागणीपत्रकात त्याला मधला रकानाच उरत नाही.