वर्षावासात गाण्यांची खरेदी बंद : एक आरोग्यदायी प्रयोग



दसऱ्याला दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर गेलो, की परतताना आमच्या पिशवीत दोन गोष्टी हमखास असतात : पुस्तके आणि गाणी. पूर्वी कॅसेट यायच्या, मग सीडी आल्या, आता पेन ड्राइव्ह येतात. पुस्तके निदान चाळली जातात. गाण्यांचे पुढे काय होते, हे मागच्या पावसाळ्यापर्यंत आम्ही पाहिलेच नव्हते.

मागच्या वर्षी विहारातल्या एका कार्यक्रमासाठी बाबांच्या गायन पार्टीची जुनी टेप हवी होती. बाबांना जाऊन बरीच वर्षे झाली. पार्टी वस्तीपुरतीच होती, कोणत्याही कंपनीने तिची कॅसेट काढली नाही. १४ एप्रिलच्या एका रात्री कोणीतरी साध्या टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतलेले एवढेच काय ते शिल्लक. पत्र्याच्या पेटीतून ती कॅसेट काढली, घाईने मशीनमध्ये घातली आणि अर्ध्या मिनिटात फीत आत गुंडाळली गेली. सोडवताना तिचा सुरुवातीचा भाग चुरगळून तुटला. कॅसेटची एक बाजू जिथे सुरू होते, तिथेच दुसरी बाजू संपते, कारण फीत एकच असते. त्यामुळे पहिल्या बाजूवर बाबांनी करून दिलेली साथीदारांची ओळख गेली आणि दुसऱ्या बाजूवरचे शेवटचे गाणेही गेले.

त्याच पेटीत, त्या कॅसेटच्या शेजारी, प्लॅस्टिकचे वेष्टनही न काढलेल्या ११ कॅसेट आणि ८ सीडी होत्या. विकत घेतलेल्या, एकदाही न ऐकलेल्या. त्या दिवशी आम्ही दोघांनी ठरवले, की आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, म्हणजे वर्षावासाचे तीन महिने, गाण्यांवर एक रुपया खर्च करायचा नाही. घरात जे आहे ते ऐकायचे. हा विषय आरोग्याच्या पानावर का, असे कोणी विचारील. मन, कान, स्मरण आणि खिसा या चारही गोष्टींशी त्याचा संबंध आहे, म्हणून.

आधी मोजदाद

सुरुवात मोजणीपासून केली. ६० मिनिटांच्या ११२ कॅसेट, म्हणजे ११२ तास. सुमारे तासाभराच्या ३८ सीडी, म्हणजे ३८ तास. ८ जीबीचे दोन पेन ड्राइव्ह. साध्या प्रतीच्या एमपीथ्री गाण्याला मिनिटाला साधारण एक एमबी जागा लागते. त्या हिशेबाने दोन्ही मिळून अडीचशे तास. एकूण ४०० तास. रोज एक तास न चुकता ऐकले, तरी वर्षभरात संपणार नाही एवढी गाणी घरात होती आणि आम्ही दर वर्षी त्यात भर घालत होतो.

हे आकडे कागदावर लिहून भिंतीवर लावले. मन स्वतःला सहज फसवते, कागदावरचा आकडा तसा फसवत नाही. आपणही आधी मोजा.

हवेसे वाटणे वेगळे, आवडणे वेगळे

न ऐकलेली गाणी असताना आणखी गाणी का घ्यावीशी वाटतात? मिशिगन विद्यापीठातील मेंदूशास्त्रज्ञ केंट बेरिज यांनी अनेक वर्षांच्या संशोधनातून दाखवले, की एखादी गोष्ट 'हवीशी वाटणे' आणि ती प्रत्यक्ष 'आवडणे' या मेंदूतल्या दोन वेगळ्या क्रिया आहेत. डोपामिन या रसायनाचे काम मुख्यतः पहिल्या क्रियेत असते. म्हणून स्टॉलवर पाकीट हातात घेताना जी उत्सुकता असते, ती घरी येईपर्यंत ओसरते. वस्तू मिळाली, ओढ संपली, मन पुढच्या वस्तूकडे वळले. तृष्णा हा शब्द आपल्याला नवा नाही. तिचे हे मेंदूतले रूप म्हणता येईल.

दुसरी गोष्ट गाण्यांबद्दलच आहे. २०११ मध्ये कॅनडातील मॉन्ट्रियल येथे झालेल्या एका अभ्यासात लोकांना त्यांच्या अत्यंत आवडीचे संगीत ऐकवून मेंदूची तपासणी केली. गाण्यातला सर्वांत आनंदाचा क्षण आला तेव्हा डोपामिन स्रवले, आणि तो क्षण येण्याच्या काही सेकंद आधी, मन त्याची वाट पाहत असतानाही स्रवले. आता विचार करा : ढोलकी कुठे थांबणार, कोरस कुठे उचलून धरणार, हे ठाऊक असेल तरच त्याची अशी वाट पाहता येते. दोनदा ऐकून बाजूला टाकलेल्या गाण्याकडून हा आनंद मिळत नाही.

तिसरी गोष्ट त्याहून जुनी आहे. १९६८ मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी दाखवले, की एखादी गोष्ट पुनःपुन्हा समोर आली, की केवळ ओळखीमुळेच ती आवडू लागते. अर्थात एकच गाणे दिवसभर वाजवले, तर कंटाळा येणारच. मोठा संग्रह इथे उपयोगी पडतो. आलटून पालटून ऐकायला घरात पुरेसे असते.

आम्ही काय केले

नियम मोजकेच ठेवले.

१. रात्रीच्या जेवणानंतर कॅसेटची एक बाजू, म्हणजे अर्धा तास. तेवढा वेळ मोबाईल दुसऱ्या खोलीत.

२. मधले गाणे पुढे ढकलायचे नाही. कॅसेटचा हा गुणच आहे, ती पुढे पळवायला कंटाळा येतो. मोबाईलवर दहा सेकंदांत गाणे बदलायची सवय आम्हाला जडली होती, ती मोडायला दोन आठवडे लागले.

३. ऐकून झाल्यावर वहीत दोन ओळी : गायक, गीतकार, काय आवडले.

४. अष्टशील घेतलेल्या उपोसथाच्या दिवशी गाणे अजिबात नाही.

५. एखादे नवे गाणे फारच घ्यावेसे वाटले, तर त्याचे नाव वहीच्या मागच्या पानावर लिहायचे. तीन महिन्यांनी पाहू.

पहिला आठवडा अवघड गेला. 'हे तर ऐकलेले आहे' असे वाटायचे. मग लक्षात आले, की ऐकले नव्हते, फक्त वाजत होते. वामनदादा कर्डक यांची गाणी आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, पण ओळीच्या शेवटी शब्द कसा वळवला आहे, हे शांत बसून पहिल्यांदाच कळले. प्रल्हाद शिंदे आणि विठ्ठल उमप एकामागोमाग ऐकले, तेव्हा दोघांच्या आवाजाची फेक किती वेगळी आहे ते उमगले. झोपण्यापूर्वी मोबाईल चाळण्याऐवजी गाणे ऐकल्याने आम्हा दोघांना झोपही लवकर लागू लागली. मोबाईल दूर राहिला, हेही त्याचे कारण असणार.

अति कडकपणाही नको. भगवान बुद्धांनी सोण भिक्खूला वीणेच्या तारांचे उदाहरण दिले होते : तार फार ताणली किंवा फार सैल सोडली, तर वीणा नीट वाजत नाही. मुलीने मैत्रिणीकडून दोन गाणी मोबाईलवर घेतली, त्यावरून आम्ही घरात भांडण केले नाही.

आईची आठवण

आमच्या आईचे वय ८१. दोन वर्षांपासून विसरायला होते. सकाळी जेवली की नाही हे तिला सांगावे लागते. बाबांच्या टेपचा उरलेला भाग एका जाणकाराने सांधून दिला. तो लावला, तेव्हा आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "पेटीवर आपला धाकला दीर बसलाय." मग कोरसमधला एक आवाज ऐकून दुसरे नाव सांगितले. आम्ही वही काढली. तीन महिन्यांत ती टेप सहा-सात वेळा ऐकली. पार्टीत सात जण होते, त्यांपैकी पाच नावे मिळाली. दोन अजून राहिली आहेत. ती ज्या भागात होती, तोच भाग आमच्या हातून तुटला.

असे का होते? साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी माणसाच्या मनात अधिक घट्ट राहतात आणि त्या काळातली गाणी त्या आठवणींना लवकर जागे करतात. पण गैरसमज नको. गाण्याने विसरण्याचा आजार बरा होत नाही. मन शांत व्हायला आणि बोलणे सुरू व्हायला त्याची मदत होते, इतकेच. घरातील वृद्ध माणूस विसरू लागला, तर 'वय झाले' म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना दाखवा. बी-१२ ची कमतरता, थायरॉईडचा विकार, नैराश्य आणि ऐकू कमी येणे यांमुळेही विसरभोळेपणा येतो आणि त्यांवर उपचार आहेत.

कानांचे गणित

गाणी कितीही चांगली असली, तरी आवाज बेताचा हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार मोठ्या माणसांनी ८० डेसिबल आवाजात आठवड्याला जास्तीत जास्त ४० तास ऐकावे. मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबल आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला, की सुरक्षित वेळ निम्म्यावर येतो. ९० डेसिबलला आठवड्यात फक्त ४ तास उरतात. आतल्या कानातील सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या, की पुन्हा उगवत नाहीत.

घरगुती उपाय असा : मोबाईलचा आवाज ६० टक्क्यांच्या वर नेऊ नका. हातभर अंतरावरच्या माणसाचे साधे बोलणे ऐकू येत नसेल, तर आवाज जास्त आहे. कानात शिट्टी वाजल्यासारखे झाले, तर कानांना पूर्ण विश्रांती द्या. ते थांबले नाही, तर कानाच्या डॉक्टरांकडे जा. जयंतीच्या मिरवणुकीत लहान मुलांना स्पीकरच्या भिंतीजवळ नेऊ नका.

जुनी कॅसेट लावण्यापूर्वी

आमची चूक आपण करू नका. फितीवर पांढरी बुरशी दिसली, तर ती कॅसेट मशीनमध्ये घालू नका. बुरशी मशीनला लागते आणि तिथून बाकीच्या कॅसेटमध्ये जाते. दम्याच्या रुग्णांनी अशी पेटी उघडू नये. इतरांनी तोंडाला मास्क लावून ती घराबाहेर उघडावी आणि कॅसेट जाणकाराकडे द्यावी.

बुरशी नसेल तरी वर्षानुवर्षे पडून राहिलेली कॅसेट लगेच वाजवू नका. आधी पेन्सिलने हळूहळू फिरवून फीत सुटी आहे का पाहा. मशीनचे हेड आणि रबरी चाक कापसाच्या काडीने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा आणि वाळू द्या. कॅसेट उभ्या ठेवा, ओल, ऊन आणि स्पीकरच्या चुंबकापासून दूर. सीडी मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. घरात एकुलती एक असलेली टेप पहिल्याच वेळी संगणकावर उतरवून घ्या आणि दोन ठिकाणी जपून ठेवा.

खरेदी वाईट नाही

हा बहिष्कार नव्हे. आपल्या गायकांचे पोट यावर चालते. संग्रह ऐकून झाल्यावर विचारपूर्वक घ्यावे, गायकाला कार्यक्रमाला बोलवावे आणि मानधन वेळेवर द्यावे. मात्र खरेदी लपवावी लागत असेल, त्यासाठी उधारी होत असेल, न घेतल्यास बेचैनी येत असेल, तर तो छंद राहिलेला नाही. मोकळेपणाने बोला. शासनाच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, तिथे मराठीतही बोलता येते आणि पैसे लागत नाहीत.

आमची खरी परीक्षा दसऱ्याला झाली. दीक्षाभूमीवर स्टॉल लागलेले आणि आश्विन पौर्णिमेला अजून पाच दिवस बाकी. मागच्या पानावर तोवर १४ नावे जमली होती. स्टॉलवर उभे राहून ती वाचली, तेव्हा त्यांतली दहा तरी का लिहिली होती, हे आठवेना. पुस्तके घेऊन परतलो. ६ डिसेंबरला उरलेल्या चारांपैकी दोन घेतली आणि त्याच आठवड्यात ती ऐकलीही.

ज्यांच्या घरी वस्तीतल्या गायन पार्टीची टेप पडून आहे, त्यांना विनंती : येत्या रविवारी ती बाहेर काढा, घाई न करता तपासा. गाणारे कोण आणि वाजवणारे कोण, हे सांगू शकणारे ज्येष्ठ आज आपल्यात आहेत. त्यांना शेजारी बसवा आणि नावे लिहून घ्या.