काचेतल्या बाळाला उपाशी ठेवलंय का?

सातव्या महिन्यात बाळंतपण झालं, बाळ जेमतेम किलोभराचं निघालं आणि त्याला काचेत ठेवलं, की आजीचा पहिला प्रश्न असतो, "दूध का देत नाहीत? नुसत्या सलाईनवर ठेवून उपाशी मारणार का त्याला?" हा प्रश्न काळजीपोटी येतो. म्हणून त्याचं उत्तर नीट समजून घेऊ या.

पोटात असताना शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या अंगावर चरबी चढते, साखर आणि लोह साठतं. ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाजवळ ही शिदोरी फारच थोडी असते. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं ही तीन कामं एकत्र जमायला साधारण ३४ आठवडे लागतात. त्याआधी तोंडात दूध घातलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. नळीने थेट पोटात दिलं, तरी कच्च्या आतड्याला एकदम जास्त दूध पेलत नाही.

अशा वेळी अन्न शिरेतून देतात. साध्या सलाईनमध्ये पाणी, मीठ किंवा साखर असते. या बाटलीत साखरेबरोबर प्रथिनांचे बारीक घटक, क्षार, कॅल्शियम आणि जीवनसत्त्वं असतात. शेजारी पांढरं औषध दिसतं, ते दूध नव्हे. सोयाबीनसारख्या तेलांपासून शिरेत देण्यासाठी मुद्दाम बनवलेला तो स्निग्ध पदार्थ असतो. उजेडाने खराब होऊ नये म्हणून तो बऱ्याचदा झाकून ठेवतात. हे अन्न बेंबीच्या किंवा हातापायाच्या शिरेत घातलेल्या बारीक नळीतून थेंबाथेंबाने जातं.

केवळ शिरेतून अन्न देऊन बाळ वाढवता येतं, हे अमेरिकेत फिलाडेल्फियाला डॉ. स्टॅनले डड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. आतड्यात जन्मदोष असलेल्या एका तान्ह्या मुलीवरच्या त्या उपचाराची माहिती १९६८ साली प्रसिद्ध झाली.

पण या उपचाराला धोकेही आहेत. नळीतून जंतू रक्तात शिरू शकतात. म्हणून सिस्टर आत गर्दी करू देत नाहीत आणि हात धुवायला लावतात. ते मनावर घेऊ नका. शिरेबाहेर औषध झिरपलं तर कातडी सुजते, भाजल्यासारखी होते. हात किंवा पाय सुजलेला दिसला तर लगेच सांगा. रक्तातली साखर वरखाली होते, म्हणून टाचेतून पुन्हा पुन्हा थेंबभर रक्त घेतात. फार दिवस हेच चाललं तर लिव्हरवर ताण येतो. त्यामुळे बाटली लवकरात लवकर सुटावी, हीच डॉक्टरांची धडपड असते.

ती सुटते आईच्या दुधामुळे. सुरुवातीला किलोभराच्या बाळाला दर दोन तासांनी १ मिलीसुद्धा पुरतं. एवढ्याने पोट भरत नाही, पण आतडं कामाला लागतं. मग दूध रोज थोडं वाढवतात आणि बाटली तेवढी कमी करतात. आईचं दूध दिलं तर आतडं सुजून सडण्याच्या जीवघेण्या आजाराचा धोका पावडरच्या दुधापेक्षा कमी राहतो.

म्हणून आयाबहिणींनो, बाळ काचेत असलं तरी पहिल्या काही तासांतच दूध काढायला लागा. दिवसरात्र मिळून किमान आठ वेळा काढा, रात्रीचं चुकवू नका. पहिला चीक थेंबभर आला तरी टाकू नका. दूध येतच नसेल तर दूधपेढीची चौकशी करा. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी अशी पेढी सुरू केली, ती आशियातली पहिली. घुटी, मध, वरचं दूध चोरून देऊ नका. डॉक्टरांनी परवानगी दिली की बाळाला उघड्या छातीशी धरा. सासूबाईंनी आणि नवऱ्याने घरकाम सांभाळावं. आईला जेवण आणि झोप मिळाली पाहिजे.

डॉक्टरांना रोज चार गोष्टी विचारा: आज वजन किती? पोटात दूध किती गेलं? बाटली कमी झाली का? नळी कधी काढणार? पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतंच, घाबरू नका.

आता पैशांचं. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाची औषधं, तपासण्या आणि वाहतूक मोफत आहे. बाहेरून औषध आणायला चिठ्ठी दिली तर आधी वैद्यकीय अधीक्षकांना भेटा. शिरेतून पूर्ण अन्न देण्याची सोय सगळ्याच दवाखान्यांत नसते. बाळाला मोठ्या रुग्णालयात पाठवलं तर नेण्यासाठी गाडी मागून घ्या. खाजगीत जावं लागलं तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतात का, हे भरती करतानाच आरोग्यमित्राला विचारा. दागिने मोडण्याआधी, सावकाराकडे जाण्याआधी हे विचारायचं.

वस्तीत कुणी पोटुशी असेल तर हे पान तिच्या घरी वाचून दाखवा.