बोट, बादली आणि बिघडलेला शॉवर

‘घरी पोचल्या पोचल्या गरम शॉवर!’ मुंबई ते हिथ्रो, विमानातले नऊ-साडेनऊ तास वहिनीनं एवढं एकच स्वप्न बघितलं. ठाण्यातलं लग्न आटपून आम्ही तिघं लंडनला निघालो होतो. दादा-वहिनी आपल्या घरी आणि मी पाहुणी. फक्त त्यांचं घर म्हणजे फ्लॅट नव्हे, बोट! पूर्व लंडनमधल्या रीजंट्स कॅनॉलवरची नॅरोबोट. रुंदी मोजून सहा फूट दहा इंच. लंडनचं भाडं परवडेना म्हणून दोघांनी हा उद्योग केलेला.

दादानं आत शिरून पाण्याच्या पंपाचं बटण दाबलं. पंप घुर्र करत सुरू झाला आणि थांबेचना.

‘‘अगं, एकही नळ उघडा नाही, मग हा चालतोय कशाला?’’ दादाचा चेहरा पडला. तेवढ्यात बाथरूममधून वहिनी किंचाळली. शॉवरच्या मिक्सरला उभी चीर गेली होती आणि पाण्याची पिचकारी थेट समोरच्या भिंतीवर.

ही डिसेंबर २०२२ची गोष्ट. आम्ही ठाण्यात जिलब्या हाणत होतो, तेव्हा लंडनमध्ये पारा शून्याखाली गेला होता. पाणी गोठलं की फुगतं. मिक्सरच्या आत अडकलेलं पाणी फुगलं आणि मिक्सर फुटला. जाताना दादानं पंप बंद केला होता, पण पाइप रिकामे केले नव्हते.

‘‘पुढच्या रविवारपर्यंत शॉवर चालू झाला नाही, तर मी फ्लॅट बघायला लागणार,’’ वहिनी शांतपणे म्हणाली. ती ओरडली असती तर बरं, असं मला आणि दादाला एकदमच वाटलं.

टाकीचं गणित

बोटीवर गच्चीवरची टाकी नसते, त्यामुळे वरून येणारा दाबही नसतो. पाणी पुढच्या टोकाच्या टाकीत आणि ते ढकलणारा बारा व्होल्टचा छोटा पंप. नळ उघडला की पाइपातला दाब उतरतो, पंप सुरू. नळ बंद केला की दाब चढतो, पंप आपोआप बंद. म्हणजे नळ बंद असताना पंप चालला, तर कुठंतरी गळतंय, हे नक्की.

टाकीतलं पाणी गळून आपल्याच बोटीत पडलं, तर वजन तेवढंच राहतं. त्यामुळे बोट लगेच बुडत नाही. पण लोखंडी तळ आतून गंजायला लागतो. म्हणून पहिली रात्र आम्ही स्पंज आणि बादली घेऊन फळ्यांखालचं पाणी उपसत काढली. जेटलॅगवर याहून जालीम उपाय नाही!

दुसऱ्या दिवशी दादानं खरं काय ते सांगितलं. फुटलेला मिक्सर त्यानं हौसेनं घेतला होता. घरगुती बाथरूमचा, तापमान आपोआप सांभाळणारा, वर ताटाएवढा रेन शॉवर. बोटीच्या पंपाला तो कधी झेपलाच नाही. मिनिटाला दहा लिटर धरले, तरी आठ मिनिटांच्या आंघोळीला ८० लिटर. ह्यांची टाकी ४०० लिटरची. पाच आंघोळी झाल्या की टाकी रिकामी! मग बोट हलवायची, कॅनॉलवरच्या पाण्याच्या नळापर्यंत न्यायची आणि पाइप लावून थांबायचं.

‘‘आणि एवढं करून ठिबक ठिबकच,’’ वहिनी म्हणाली. ठाण्यात बादलीभर पाण्यात केसही धुणारी बाई ती. तिचं म्हणणं साधं होतं, ‘‘पाणी थोडं दे, पण गरम आणि सलग दे.’’

पाना, टेप आणि धीर

ह्या वेळी खरेदीला वहिनी बरोबर आली. कमी दाबावर चालणारा, गरम-थंडचे दोन वेगळे कॉक असलेला साधा मिक्सर घेतला. सोबत हातात धरायचा छोटा शॉवर, त्यावर पाणी थांबवायचं बटण. भिजा, थांबवा, साबण लावा, पुन्हा सोडा. पण बटण दाबून पाणी अडवलं की मिक्सरमधून गरम पाणी थंडाच्या पाइपात शिरू शकतं. म्हणून दोन्ही पाइपांवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्हही घेतले.

पंप बंद, सगळे नळ उघडे, खाली बादली. पाइप रिकामे झाल्यावर जुना मिक्सर काढला. आटे बघितले तर अर्धा इंची, ठाण्याच्या आमच्या बाथरूममध्ये असतात तेच! मी टॉर्च धरला, दादानं टेफ्लॉन टेप गुंडाळली, तासाभरात नवा मिक्सर भिंतीवर. आम्ही जाम खूश.

रात्री दोनला घुर्र. पाच मिनिटांनी पुन्हा घुर्र. कोणी काही बोललं नाही, पण तिघंही जागे होतो.

सकाळी उघडून बघितलं तर टेप उलट्या दिशेनं गुंडाळलेली. नट आवळताना ती सुटत गेली होती. वहिनीनं दादाच्या हातातून रीळ घेतलं, आटे स्वच्छ पुसले आणि टेप स्वतः गुंडाळली. त्या रात्री पंप गप्प होता.

रविवारी दादानं तासभर इंजिन चालवलं. त्याच्याच उष्णतेवर बोटीतलं पाणी तापतं. वहिनी आत गेली. पंप चालला, थांबला, पुन्हा चालला, थांबला. दादा बाहेर उगाचच तोच कप तिसऱ्यांदा पुसत होता. दार उघडलं, वाफ बाहेर आली.

‘‘गरम होतं,’’ वहिनी म्हणाली. ‘‘पण पुढच्या वेळी गावाला जाताना पाइप मी रिकामे करणार.’’

‘पुढच्या वेळी’ म्हटल्यावर दादानं कप खाली ठेवला.

बोटीवर नळ बदलताय?

• विकत घेण्याआधी तो कमी दाबावर चालतो का, ते विचारा. दिसण्यावर जाऊ नका.
• जुन्या फिटिंगच्या दोन पाइपांमधलं अंतर मोजून न्या.
• टेफ्लॉन टेप नट आवळण्याच्या दिशेनंच गुंडाळा.
• काम झाल्यावर एक रात्र पंप चालू ठेवून झोपा. मध्येच घुर्र झालं, तर गळती आहे.
• थंडीत बोट सोडून जाताना पंप बंद करा, पाइपातलं पाणी काढा, नळ उघडे ठेवा आणि शॉवरचा पाइप सोडवून ठेवा.