पांढऱ्या उंदरांचा हिवाळा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बारामती आणि इंदापूर हा पर्जन्यछायेतला, कोरड्या हवेचा मुलूख. डिसेंबर-जानेवारीत आकाश निरभ्र असते, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री भराभर निवते. दुपारी तीस अंशांच्या आसपास गेलेला पारा पहाटे दहा-बारा अंशांवर येतो आणि थंडीची लाट आली की त्याहूनही खाली उतरतो. आपण स्वेटर घालतो, शेकोटी पेटवतो. पण औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयातील प्राणिगृहात, किंवा एखाद्या हौशी मुलाने घरी ठेवलेल्या पेटीत, पांढऱ्या उंदराची मादी नुकतीच व्यालेली असेल तर तिच्या पिल्लांचे काय? संध्याकाळी वळवळणारी आठ-दहा गुलाबी पिल्ले सकाळी गारठून मेलेली आढळतात. मग ‘मादीच वाईट निघाली’ असे म्हटले जाते. पण मादीला दोष देण्याआधी घरटे तपासावे.

नवजात पिल्लाचे वजन जेमतेम एक-दीड ग्रॅम. अंगावर केस नाहीत, डोळे मिटलेले. एवढ्याशा देहाची कातडी वजनाच्या मानाने फार, त्यामुळे ऊब चटकन निघून जाते. पाठीवर, खांद्यांच्या मध्ये तपकिरी चरबी असते. ती जाळून पिल्लू थोडी उष्णता तयार करते. पण एकटे पडले तर ती पुरत नाही. पहिल्या आठवडा-दहा दिवसांत केस येतात, साधारण दोन आठवड्यांनी डोळे उघडतात. तोवर त्याला तीन गोष्टींचा आधार असतो: आईचे अंग, भावंडांचा गोळा आणि घरटे. भावंडेही एका जागी पडून राहत नाहीत. कडेचे पिल्लू आत घुसते, आतले बाहेर सरकते, आणि ऊब सर्वांना वाटून मिळते.

घरट्याबाहेर पडलेले पिल्लू आपल्याला ऐकू न येणाऱ्या बारीक आवाजात ओरडते आणि आई त्याला तोंडात धरून परत आणते. मात्र पिल्लू फार गारठले की त्याची हालचाल मंदावते, ते दूध ओढत नाही. प्यायलेल्या पिल्लाच्या पातळ कातडीतून पोटातले दूध पांढऱ्या ठिपक्यासारखे दिसते. सकाळी पाहायची पहिली खूण हीच.

आपल्या भागात कोंबडीपालन घरोघरी माहीत आहे. पहिल्या आठवड्यात पिल्लांना ब्रूडरखाली तेहतीस-पस्तीस अंशांची ऊब द्यायची आणि पुढे दर आठवड्याला ती थोडी कमी करायची, हे शेडवरचा कामगारही सांगेल. तेव्हा उंदराच्या पिंजऱ्यावरही बल्ब टांगावा, असे वाटणे साहजिक आहे. पण दोन्हींत फरक आहे. ब्रूडरखालच्या कोंबडीच्या पिल्लाला आई नसते, म्हणून बल्ब लागतो. उंदराच्या पिल्लाला आई असते. बल्बने पिंजरा तापला, तर तीच उकाड्याने पिल्लांपासून दूर जाते. शिवाय रात्री वीज गेली की बल्बच्या भरवशावर ठेवलेला पिंजरा अचानक थंड पडतो. उसाच्या बांधातला उंदीर बल्ब लावत नाही. तो जमिनीखाली, जिथे दिवस-रात्रीचा फरक फारसा पोचत नाही अशा ठिकाणी, पाचट-गवत कुरतडून घरटे करतो. आपण तेच सोपे करून द्यायचे.

त्यासाठी मादी विण्याआधी दोन-तीन दिवस पिंजरा स्वच्छ करून कोरडे तूस किंवा मक्याच्या बुरकुंडांचा भरडा घालावा, आणि वर कोऱ्या कागदाच्या पट्ट्या किंवा टिश्यू कागद मूठभर द्यावा. ती स्वतः फाडून त्याचे वाटीसारखे घरटे बनवते. कापूस, सुतळी, चिंध्या देऊ नयेत. धागा पिल्लाच्या पायाला गुंडाळला तर पाय जायबंदी होतो. पिंजऱ्याचा तळ जाळीचा नसावा, भरीव असावा. तो थेट फरशीवर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नये. पाण्याच्या बाटलीतून गळती नाही ना, हे रोज पाहावे, कारण ओले पिल्लू कोरड्यापेक्षा लवकर गारठते. थंडीत खाद्य नेहमीपेक्षा जास्त लागते, म्हणून ताटली रिकामी राहू देऊ नये.

खिडकीच्या खालच्या अंगाला पोत्याचा पडदा लावावा, पण वरचे झरोके उघडे ठेवावेत. सगळे बंद केले तर मुताचा अमोनिया कोंडतो आणि उंदरांच्या श्वासाला बाधतो. व्यालेल्या मादीचा पिंजरा पहिले तीन-चार दिवस साफ करू नये. नंतर साफ करताना जुन्या घरट्याचा थोडा भाग परत आत ठेवावा. गारठलेले पिल्लू सापडले तर ते शेकोटीजवळ नेऊ नये. ओंजळीत धरून हळूहळू ऊब द्यावी आणि भावंडांत परत सोडावे. गिनीपिगची गोष्ट थोडी निराळी. सुमारे दोन महिन्यांच्या गर्भकाळानंतर त्याची पिल्ले केसांसह आणि उघड्या डोळ्यांनी जन्मतात. तरीही गार वाऱ्याच्या झोतापासून त्यांना जपावेच लागते.

प्राणिगृहांसाठी आपल्याकडे नियम आहेत. 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालील समितीच्या मार्गदर्शक सूचनांत खोलीचे तापमान 18 ते 29 अंश सेल्सिअस सांगितले आहे. पण उंदराला खरा आराम तीस अंशांच्या आसपास वाटतो. म्हणजे विशीतल्या खोलीतही त्याला ऊब राखायला जास्त खावे लागते, त्याचे हृदय जलद चालते. अशा उंदरावर हृदयाचे किंवा वजनाचे औषध तपासले, तर मोजलेल्या फरकातला काही भाग थंडीचा असतो. शिवाय एक वीण गेली तर विद्यार्थ्याचा प्रयोग अडतो आणि नव्या माद्या विणीला घालाव्या लागतात. म्हणजे आणखी काही जीव खर्ची पडतात.

म्हणून पिंजऱ्याच्या उंचीवर कमाल-किमान तापमापी टांगा आणि सकाळी आधी रात्रीचा किमान आकडा वहीत लिहा. सुट्टीच्या दिवशी, विशेषतः संक्रांतीच्या आसपासच्या थंडीत, हे काम कोणी करायचे ते आदल्या दिवशीच ठरवा. या मुक्या जीवांना आपण पिंजऱ्यात ठेवले आहे, त्यांना बीळ खणता येत नाही. मूठभर कोरडा कागद पुरवणे, एवढे तरी आपण त्यांचे देणे लागतो.