फुटाच्या भावाने पाणी

उन्हाळा तोंडावर आला की सिन्नर, चांदवड, देवळ्याच्या रस्त्यांवर तमिळनाडूचा नंबर लावलेले ट्रक जोडीने दिसू लागतात. एकावर आडवा केलेला लोखंडी मनोरा, दुसऱ्यावर रॉड, केसिंग पाइप, डिझेल आणि मजुरांचा संसार. यातल्या कित्येक गाड्या नामक्कल जिल्ह्यातल्या तिरुचेंगोडच्या. बोअर मारण्याचा धंदा त्या गावाने देशभर नेला आहे.

नाशिकचा काळा पाषाण नुसत्या फिरत्या पात्याला दाद देत नाही, तो ठोकूनच फोडावा लागतो. कॉम्प्रेसरची हवा पोकळ रॉडमधून खाली जाते, टोकाचा हॅमर चालवते आणि वर येताना खडकाचा चुरा बाहेर फेकते. एक रॉड खाली गेला की दुसरा जोडायचा. वरच्या मुरमात केसिंग, पुढे उघडा पाषाण. राखाडी धूळ उडत असते. गेरूचा पट्टा लागला की ती तांबूस होते. धूळ बसून चिखल येऊ लागला की बांधावरची माणसे पुढे सरकतात. लाव्हाच्या दोन थरांच्या सांध्यात किंवा भेगेतच पाणी सापडायचे.

स्पर्धा चालते ती फुटाच्या भावावर. एजंट गावोगाव फिरतात. एकाने भाव पाडला की दुसरा केसिंगमध्ये सूट देतो. पाणाडी तळहातावर नारळ धरून जागा दाखवतो. ठरावीक खोलीनंतर दर शंभर फुटांना भाव चढतो. या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टमध्ये, मात्र खोल जावे तशा भेगा आवळत जातात. म्हणजे पाण्याची आशा कमी होते तसा दर वाढतो. बोअर कोरडा गेला तरी गाडीचे पैसे चुकत नाहीत. द्राक्षबाग किंवा डाळिंब जगवायला निघालेल्या शेतकऱ्याच्या डोक्यावर कर्ज तेवढे राहते.

तेलाच्या धंद्यातही रिगवाल्याला भाडे मिळतेच, पण कंपनीचा तोटा अनेक विहिरींत वाटला जातो. पूर्व टेक्ससमध्ये 1930 साली तेल लागल्यावर शेजाऱ्याच्या आधी उपसण्याची चढाओढ लागली. भाव कोसळला, जमिनीखालचा दाब घटू लागला आणि 1931 मध्ये गव्हर्नरला सैनिक पाठवून विहिरी बंद कराव्या लागल्या. पुढे किती उपसायचे यावर तिथे सरकारी बंधन आले.

बंधन आपल्याकडेही आहे. महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल कायद्याने शेतीसाठी 60 मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे दोनशे फुटांपेक्षा, खोल विहिरीला मनाई केली आणि रिगमालकांना नोंदणी सक्तीची केली. बांधावरची बोली मात्र पाचशे फुटांच्या पुढचीच असते. शेजाऱ्याने खोल मारला की आपला आटतो, म्हणून आपणही खोल; यात जिंकते ती फक्त गाडी.

तेव्हा गाडी बोलावण्याआधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा सल्ला घ्या, रिगची नोंदणी पाहा, कोणत्या फुटावर काय लागले ते लिहून मागा. आणि कोरडा गेलेला बोअर त्याच दिवशी बुजवा; उघड्या बोअरमध्ये लेकरे पडून जीव गेले आहेत.