आदिविश्वाचा वेध आणि गुरुत्वीय तरंग

२२ मे १९९७ रोजी पहाटे जबलपूरला भूकंप झाला. त्याचा उगम भूपृष्ठाखाली सुमारे ३५ किलोमीटरवर, कवचाच्या खालच्या थरात होता, हे निरनिराळ्या केंद्रांवरील नोंदींवरून ठरविता आले. तेथवर कोणी पोहोचलेले नाही. खडक प्रकाशाला अडवितो, कंपनांना वाट देतो; पृथ्वीच्या अंतरंगाविषयीचे बहुतेक ज्ञान या एका गोष्टीवर उभे आहे. आदिविश्वाच्या अभ्यासातील अडचणही याच जातीची आहे.

विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे मानतात. त्यांपैकी आरंभीची सुमारे ३ लाख ८० हजार वर्षे दुर्बिणींना अगम्य आहेत. त्या काळी द्रव्य इतके तप्त होते की इलेक्ट्रॉन अणूंत बांधले गेले नव्हते आणि प्रकाश त्यांच्यावर आदळून सतत विखुरत असे. अणू बनले तेव्हा तो मोकळा झाला. तोच आज पार्श्वप्रारणाच्या रूपाने सर्व दिशांनी येतो. गुरुत्वीय तरंगांना मात्र हा अडसर जवळजवळ नाहीच. आइन्स्टाइनने १९१६ मध्ये भाकीत केलेले हे तरंग म्हणजे अवकाशाचेच ताणणे आणि आकसणे. द्रव्याशी त्यांची देवघेव अत्यल्प असते. म्हणून ते अडत नाहीत, आणि म्हणूनच सहजी सापडतही नाहीत. अमेरिकेतील लायगो वेधशाळेत १४ सप्टेंबर २०१५ रोजी ते प्रथम नोंदले गेले, तेव्हा चार किलोमीटरच्या भुजेत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाहून पुष्कळच लहान होता. ते तरंगही दोन कृष्णविवरांच्या मीलनातले, आदिकालातले नव्हेत. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ योजलेली वेधशाळाही मुख्यतः अशाच घटना टिपील.

वेगळ्या वाटेचा प्रयत्न जुन्नर तालुक्यातील खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर चालतो. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची ही दुर्बीण काही स्पंदक ताऱ्यांचे अतिनियमित स्पंद वर्षानुवर्षे मोजीत आहे. ज्याचे एक आवर्तन पुरे होण्यास कित्येक वर्षे लागतात असा तरंग मधून गेला, तर स्पंदांच्या आगमनात सेकंदाच्या दशलक्षांशाहूनही कमी फरक पडतो. परंतु असा फरक ताऱ्याच्या स्वतःच्या चंचलतेने, वाटेतील विरल द्रव्याने किंवा पृथ्वीवरील घड्याळाच्या चुकीनेही पडेल. मग निवाडा कसा करावयाचा? पाठचिकित्सेच्या अभ्यासकांस ही युक्ती ओळखीची वाटेल. एकाच पोथीतील चूक लेखनिकाची; अनेक पोथ्यांत सारखीच आढळणारी चूक त्यांच्या समान पूर्वजाकडे बोट दाखविते. हेलिंग्ज आणि डाउन्स यांनी १९८३ मध्ये दाखविले की, घड्याळाची चूक सर्व ताऱ्यांच्या नोंदींत सारखी उतरेल, तरंगांची खूण मात्र दोन ताऱ्यांमधील कोनानुसार ठराविक रीतीने बदलेल. २९ जून २०२३ रोजी युरोपीय आणि भारत-जपानी गटांनी, खोडदच्या नोंदींसह २५ स्पंदकांच्या निरीक्षणांत, ही खूण दिसत असल्याचे जाहीर केले. अन्य देशांतील गटांनीही त्याच सुमारास तसेच सांगितले. त्यांनी ‘पुरावा’ हा शब्द वापरला, ‘शोध’ हा नव्हे. हा शब्दविवेक उचितच होता.

कारण पुरावा कशाचा, हे ठरलेले नाही. दीर्घिकांच्या केंद्रांतील, परस्परांभोवती फिरणाऱ्या महाकाय कृष्णविवरांच्या जोड्या हे सर्वांत सरळ स्पष्टीकरण. पण आदिविश्वातील द्रव्याच्या अवस्थांतरातूनही असाच कल्लोळ उठू शकतो. घाईचे फळ या क्षेत्राने एकदा चाखले आहे. मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरील बायसेप गटाने पार्श्वप्रारणात आदितरंगांचा ठसा मिळाल्याचे घोषित केले. वर्षभरातच प्लँक उपग्रहाच्या नोंदींशी ताडून पाहता तो आपल्याच आकाशगंगेतील धुळीने समजावून देता येतो असे निघाले. नव्या पुराव्यात निवाड्याची एक कसोटी उपलब्ध आहे. काही दिशांना तरंग अधिक तीव्र आढळले, किंवा एखादी जोडी वेगळी ओळखू आली, तर कृष्णविवरांचा पक्ष बळावेल. सर्व दिशांना ते समानच राहिले तर आदिविश्वाचा दावा जिवंत राहील. त्यासाठी अधिक स्पंदक हवेत आणि अधिक वर्षे हवीत. एकेका तरंगाचे आवर्तनच दशकभराचे असेल, तर निरीक्षकाला त्याहून जलद जाता येत नाही.