चाकांखालची जमीन

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या सोसायट्यांच्या पार्किंगमधून संध्याकाळच्या वेळी चाकांचा खरखराट ऐकू येतो. गुडघ्याला पॅड आणि डोक्यावर हेल्मेट चढवलेली मुलं उभ्या गाड्यांमधून वाट काढत फिरत असतात. मध्येच एखादी कार आत येते, की सगळी भिंतीला चिकटून उभी राहतात. अशोकस्तंभापासून गंगापूर धरणाच्या दिशेने गेलेल्या या रस्त्यालगत पूर्वी मळे होते. तिथे आता इमारती आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी घरांत स्केट्सची एखादी जोडी सापडेल. मात्र स्केट्स ज्या जागेसाठी घडले, ती छताखालची, लाकडी फळ्यांची, तिकीट काढून कुणीही आत शिरावं अशी रिंक या मुलांनी पाहिलेली नसते, आणि त्यांच्या आईबापांनीही बहुधा नसते.

जगभर अशा हजारो रिंक उभ्या राहिल्या आणि त्यांतल्या बऱ्याचशा मिटल्या. लोकांची हौस फिटली म्हणून त्या गेल्या, असं सरसकट सांगितलं जातं. हौस कमीजास्त होत राहिली हे खरंच. पण रिंकच्या मरणाची कारणं शोधायला गेलं, तर चाकांपेक्षा त्यांच्या खालच्या जमिनीबद्दलच जास्त बोलावं लागतं.

चाकांच्या बुटांची पहिली प्रसिद्ध कथा अपघाताची आहे. जॉन जोसेफ मर्लिन हा आजच्या बेल्जियममध्ये जन्मलेला आणि लंडनमध्ये नाव कमावलेला कल्पक कारागीर. वाद्यं आणि यंत्रं बनवणं हा त्याचा उद्योग. १७६०च्या दशकात सोहोमधल्या एका मेजवानीत तो स्वतः बनवलेले चाकांचे बूट घालून आणि व्हायोलिन वाजवत अवतरला. वळता येईना, थांबताही येईना. समोर पाचशे पौंडांहून अधिक किमतीचा आरसा होता. आरसा फुटला, व्हायोलिनचा चुरा झाला आणि मर्लिनलाही चांगलंच लागलं. पुढची शंभर वर्षं गाडं याच दोन अडचणींपाशी अडून राहिलं. १८४९ साली पॅरिसमध्ये मायरबीअरच्या ‘ल प्रोफेत’ या ऑपेरात गोठलेल्या तळ्यावरचा प्रवेश नर्तकांनी चाकांचे बूट घालून सादर केला. रंगमंचावर ते शोभून दिसलं, पण सामान्य माणसाला त्याचा उपयोग नव्हता.

ही गाठ सोडवली न्यूयॉर्कमध्ये फर्निचरचा धंदा करणाऱ्या जेम्स प्लिम्प्टनने. प्रकृतीसाठी त्याला बर्फावर स्केटिंग करण्याचा सल्ला मिळाला होता. पण उन्हाळ्यात बर्फ आणायचा कुठून? १८६३ साली त्याने चार चाकांच्या स्केटचं पेटंट घेतलं. पुढे दोन आणि मागे दोन चाकं, आणि पाऊल ठेवायची पट्टी व आस यांच्यामध्ये रबराची उशी. शरीर ज्या बाजूला झुकेल, त्या बाजूला आस किंचित वळायची. त्यामुळे वळण घेण्यासाठी पाय उचलावा लागत नसे, नुसता तोल टाकला की पुरे. आज पार्किंगमध्ये फिरणारी मुलं जे ‘क्वाड’ स्केट्स घालतात, त्यांच्या मुळाशी हीच युक्ती आहे.

प्लिम्प्टनची दुसरी युक्ती धंद्यातली होती आणि ती तितकीच महत्त्वाची ठरली. तो स्केट्स विकत नसे, भाड्याने देत असे. साहजिकच ते घालून फिरायला जागाही त्यानेच पुरवायची होती. न्यूयॉर्कमध्ये त्याने रिंक काढली. १८६६ साली ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्ट या सुट्टीच्या गावी अटलांटिक हाउस हॉटेलचं जेवणघर भाड्याने घेऊन तिथेही स्केटिंग सुरू केलं. स्केटिंगचे वर्ग चालवले, प्रावीण्याची पदकं ठेवली. स्त्रिया आणि पुरुषांनी उजळ माथ्याने एकत्र यावं अशी करमणूक त्या काळच्या सभ्य समाजाला हवीच होती. रिंकवर हात धरण्याला शिष्टसंमत कारण होतं: नाहीतर पडायला होईल!

१८७०च्या दशकात हे वेड इंग्लंडमध्ये पोचलं आणि तिथल्या वर्तमानपत्रांनी त्याचं ‘रिंकोमेनिया’ असं नाव ठेवलं. प्लिम्प्टन नकला करणाऱ्यांवर कोर्टात खटले भरत राहिला. १८८४ साली लेव्हंट रिचर्डसनने बॉल बेअरिंग बसवलेल्या चाकांचं पेटंट घेतलं, तेव्हापासून चाकं हलक्या ढकलण्यानेही लांबवर धावू लागली. १९०२ साली शिकागोच्या कोलिझियममध्ये रिंक उघडली, तेव्हा पहिल्याच रात्री सात हजार माणसं आली होती. १९०८नंतरच्या दोनतीन वर्षांत ब्रिटनमध्ये अक्षरशः शेकडो रिंक निघाल्या. मोठं छत, मधे खांब नसलेला लांबरुंद दालनाचा पसारा आणि दाराशी तिकीटखिडकी अशी त्यांची रचना असे.

तेवढ्यात सिनेमा आला.

खांब नसलेलं दालन आणि तिकीटखिडकी त्यालाही हवी होती. लाकडी जमिनीवर खुर्च्या मांडायच्या आणि एका भिंतीवर पडदा ताणायचा, की रिंकचं चित्रपटगृह तयार. लाट ओसरल्यावर ब्रिटनमधल्या कितीतरी रिंक याच रीतीने सिनेमाच्या हाती गेल्या. नाशिककरांना या काळाची आठवण आपोआप व्हावी, कारण त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके याच सुमारास मुंबईच्या तंबूत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहून झपाटले होते. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला आणि त्याच वर्षी त्यांनी आपला कारखाना नाशिकला हलवला. १९१७ साली ‘लंकादहन’ आला. त्याच्या आदल्याच वर्षी तिकडे चार्ली चॅप्लिनने ‘द रिंक’ नावाचा छोटा मूकपट काढला होता. त्यात हॉटेलात वेटर असलेला नायक जेवणाच्या सुट्टीत स्केटिंगला जातो आणि रिंकवर असा काही धुडगूस घालतो की पाहणाऱ्याची नजर त्याच्या पायांवरून हलत नाही. हे कसब त्याने पुढे १९३६ साली ‘मॉडर्न टाइम्स’मध्ये पुन्हा दाखवलं. ज्या सिनेमाने रिंकच्या इमारती घेतल्या, त्यानेच तिचं सर्वांत देखणं रूपही जपून ठेवलं आहे.

पण रिंकचा इतिहास केवळ मौजेचा नाही. ‘कुणीही यावं’ या दोन शब्दांत कोण येतं, हा प्रश्न तिथे फार लवकर उभा राहिला. अमेरिकेत अनेक रिंकवर कृष्णवर्णीयांना मज्जाव होता, किंवा आठवड्यातली एखादीच रात्र त्यांच्यासाठी राखलेली असे. शिकागोच्या व्हाइट सिटी रिंकभोवती कृष्णवर्णीयांची वस्ती वाढत गेली तरी दार बंदच राहिलं. आज फक्त क्लबच्या सभासदांसाठी प्रवेश आहे, असं दारावर सांगितलं जाई. गोऱ्या माणसाला मात्र सभासदत्व कुणी विचारत नसे. १९४२ साली शिकागोतच स्थापन झालेल्या ‘कोअर’ या नागरी हक्कांच्या संघटनेने या रिंकविरुद्ध लढा दिला आणि १९४६ साली तिच्या दाराशी निदर्शनं केली. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नाशिकला काळाराम मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू केला, आणि तो पुढे पाच वर्षं चालला, हे ज्या शहराला ठाऊक आहे, त्याला त्या दाराशी उभ्या राहिलेल्या माणसांचं म्हणणं वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. देऊळ आणि करमणुकीची जागा यांत फरक आहे. दारावर अडवलं जाण्याच्या अपमानात फारसा नाही.

या लढ्याला चाकांवरूनच एक माणूस पुढे घेऊन गेला. लेजर स्मिथ हा शिकागोचा निमव्यावसायिक स्केटर. १९६३च्या ऑगस्टमध्ये, ज्या मोर्चात मार्टिन ल्यूथर किंग यांचं प्रसिद्ध भाषण झालं, त्या वॉशिंग्टनच्या मोर्चाला तो स्केट्सवरून निघाला. अंतर जवळपास अकराशे किलोमीटर. अंगावर ‘फ्रीडम’ लिहिलेला पट्टा होता. वाटेत एकाने त्याच्या अंगावर मोटार घालायचा प्रयत्न केला. दहा दिवसांत तो वॉशिंग्टनला पोचला. रिंकच्या गुळगुळीत फळ्यांसाठी घडलेल्या चाकांवर हमरस्त्याने एवढं अंतर कापणं म्हणजे पायांचे किती हाल झाले असतील, हे स्केटिंग शिकलेल्या कुणालाही कळेल.

दारं उघडली तेव्हा आत काय घडू शकतं, ते ब्रुकलिनच्या एम्पायर रोलरड्रोमने दाखवलं. ही रिंक १९४१ साली सुरू झाली. तिथे ऑर्गनच्या सुरांवर शिस्तीत फिरायची पद्धत होती. १९५७च्या सुमारास बिल बटलर नावाचा कृष्णवर्णीय तरुण स्केटर तिथे आला आणि त्याने जॅझच्या रेकॉर्डी लावायला सांगितल्या. ताल बदलला तशी पावलंही बदलली. पुढे जगभर ‘रोलर डिस्को’ म्हणून जे गाजलं, त्याचा उगम इथल्या रात्रींमध्ये दाखवला जातो. १९७९ साली हॉलिवूडजवळ ‘फ्लिपर्स’ नावाची झगमगीत रिंक निघाली. १९८१मध्ये ती बंदही पडली. एम्पायर मात्र त्यानंतर पंचवीसहून अधिक वर्षं टिकली. एप्रिल २००७मध्ये ती बंद झाली, तेव्हा शेवटच्या रात्री माणसांची दाटी होती. तिथे पुढे लोकांचं घरसामान भाड्याने ठेवून घ्यायची गोदामं झाली. सामानाची खोली वर्षाचे बाराही महिने भाडं देते आणि तिला विमा, फळ्यांची निगा, पडणारी माणसं यांची काळजी नसते. हा हिशेब कागदावर कुणीही मांडावा, दर वेळी रिंकच हरते.

तंत्रानेही तिचा एक आधार काढून घेतला. जुन्या लाकडी आणि धातूच्या चाकांना बाहेरचा खडबडीत रस्ता झेपत नसे. १९७०च्या दशकात पॉलियुरेथेनची चाकं आली. ती रस्त्याला धरून राहत आणि बारीक खडे सहज पचवत. १९८०मध्ये मिनेसोटातल्या ऑल्सन बंधूंनी एका ओळीत चाकं असलेल्या ‘रोलरब्लेड’चा व्यवसाय सुरू केला. मग फुटपाथ, बागेतली वाट, पार्किंग, सगळंच चालू लागलं. रिंकवाचून चालतं हे कळल्यावर महागड्या जागेत लाकडी जमीन राखण्याचा खटाटोप कोण करणार?

भारतात स्केटिंग पसरलं ते मुख्यतः या नव्या चाकांवर. तसं ब्रिटिश काळातल्या थंड हवेच्या गावांमध्ये रिंक होत्या. मसुरीची लाकडी जमिनीची रिंक देशातली सर्वांत मोठी म्हणून प्रसिद्ध होती. तिथे रोलर हॉकीचे सामने रंगत आणि गावाची संध्याकाळ तिच्याभोवती फिरे. आज ती नाही. १९५५ साली रोलर स्केटिंग फेडरेशन ऑफ इंडिया स्थापन झाली आणि स्केटिंगला खेळाची चौकट मिळाली. तेव्हापासून आपल्याकडे ‘रिंक’ म्हणजे सिमेंटचं किंवा डांबराचं उघडं मैदान, कडेला उभे पालक, हातात स्टॉपवॉच घेतलेले सर आणि ‘आणखी दोन राउंड!’ ही हाक. सीमाभागातल्या बेळगावने याच पद्धतीतून विक्रमवीर मुलं घडवली. हांगझोच्या आशियाई खेळांत २ ऑक्टोबर २०२३ रोजी भारताने ३००० मीटर रिलेत पुरुष आणि महिला अशी दोन्ही कांस्यपदकं मिळवली. पुरुषांच्या संघात विक्रम इंगळे आणि सिद्धांत कांबळे ही दोन मराठी नावं होती. त्याच संघातला आनंदकुमार वेलकुमार २०२५मध्ये चीनमध्ये १००० मीटरचा विश्वविजेता झाला. असा मान मिळवणारा तो पहिला भारतीय. हे यश फार मोठं आहे. मात्र ज्याला शर्यत लावायची नाही, नुसतं गाण्यावर फिरायचं आहे, अशा चाळिशीतल्या बाईला किंवा सत्तरीतल्या आजोबांना या मैदानावर जागा नाही. जुन्या रिंकवर गर्दी मुख्यतः अशाच माणसांची असे.

म्हणून टिकलेली एक रिंक समजून घ्यायला हवी. अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये विलामेट नदीकाठी ओक्स पार्क हे करमणूक उद्यान १९०५ सालापासून आहे. नदीकाठ म्हणजे पूर आलाच. गोदावरीचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठपर्यंत चढलं यावर पुराची मोजदाद करणाऱ्या नाशिककरांना हे सांगायला नको. १९४८च्या महापुरात ओक्सच्या रिंकमध्ये पाणी दीर्घकाळ साचलं आणि फळ्या फुगून वाकड्या झाल्या. दुरुस्ती करताना मालकांनी सबंध जमीनच हवाबंद लोखंडी पिंपांवर बसवली. पुन्हा पूर आला, तर जमीन भिंतींपासून कापून मोकळी करायची आणि पाण्यावर तरंगू द्यायची, अशी योजना होती. १९६४ आणि १९९६च्या पुरांत कामगारांनी खरोखर तसं केलं. जमीन वर उचलली गेली, आणि पाणी ओसरल्यावर पुन्हा जागेवर बसवता आली.

नदीपासून तिला पिंपांनी वाचवलं. बाजारभावापासून वाचवलं ते एका कागदाने. १९८५ साली मालक रॉबर्ट बॉलिंजर यांनी उद्यान नफा न कमावणाऱ्या संस्थेच्या हवाली केलं. त्यामुळे शहर वाढलं आणि नदीकाठच्या जमिनीचे भाव चढले, तरी ती जमीन बिल्डरच्या हाती गेली नाही. तिथे आजही तिकीट काढून, भाड्याचे स्केट्स बांधून आत जाता येतं, आणि जमिनीच्या वर बसवलेला पाइप ऑर्गन अजून वाजवला जातो.